तू काहीच पुसलं नव्हतंस

सुकापूर,
रविवार, दुपार

प्रिय नशरा,

आधी एवढंच वाक्य वाच, मग पान उलट. तू काहीच पुसलं नव्हतंस. द्रोणागिरीच्या गोदामातला सगळा हिशेब, कुठल्या रॅकवर कुठला माल, कुठली गाडी कधी भरायची, सगळं जिथल्या तिथे आहे. एकही ओळ गेलेली नाही. मी स्वतः उघडून बघितलंय. आता हे वाक्य तुझ्या फुफींना मोठ्यानं वाचून दाखव. कुलसुम चाची सांगत होत्या की श्रीवर्धनला गेल्यापासून तू धड जेवत नाहीस, दिवसभर फुफींच्या वाडीत सुपाऱ्या सोलत बसतेस आणि कुणी नोकरीचं विचारलं की उठून विहिरीकडे जातेस. तुझ्या काळजीनं फुफींनीच अंथरूण धरायचं तेवढं बाकी ठेवलंय म्हणे. त्यांना सांग, भाचीनं काही केलेलं नाही. मग चहा कर, आणि बाकीचं सावकाश वाच.

तुला फोन करून करून मी थकले. शेवटी काल तुमच्या कटलरीच्या दुकानात गेले, तर तुझा फोन गल्ल्याजवळ चार्जिंगला लावलेला. इक्बाल चाचा म्हणाले, “रोज चार्ज करून ठेवतो गो, न जाणो कधी मागेल.” बापाचं काळीज. एका बाईला बांगड्या दाखवत होते आणि दर थोड्या वेळानं त्या बंद फोनकडे बघत होते. चाची उद्या सकाळच्या एसटीनं तुझ्याकडे निघतायत, तेव्हा हे पत्र त्यांच्या पिशवीत, सांदणाच्या डब्याखाली जाईल. तेल लागलं तर मला दोष देऊ नकोस. लॅपटॉप तू धाकट्या अदीबला देऊन टाकलास आणि पुन्हा कॉम्प्युटरला हात लावणार नाही म्हणालीस, हेही चाचींनी सांगितलं. अदीब त्यावर क्रिकेट बघतो. सांगितलेलं बरं, म्हणून सांगितलं.

त्या दिवशी काय झालं ते मी तुला तुझ्याच बाजूनं सांगून बघते. कुठे चुकले तर दुरुस्त कर. गोदामातला सर्व्हर अधूनमधून अडकत होता. सुमती मॅडम, म्हणजे तुमच्या मॅनेजर, तुझ्या मागे लागल्या होत्या. तू शोधून काढलंस की सर्व्हरपासून स्टोरेजच्या पेटीकडे जाणाऱ्या दोन केबलांपैकी एक ढिली झाली आहे, आणि एकाच केबलवर सगळा भार आहे. एक केबल गेली तर दुसरीवरून काम चालावं म्हणून जी सोय असते, ती मल्टिपाथ नावाची, ती कुणी कधी चालूच केली नव्हती. तू म्हणालीस, मी करते. त्याच सकाळी तुझ्याकडे आणखी एक किरकोळ काम होतं. बॅकअपची एक जुनी डिस्क पुसून पुरवठादाराच्या माणसाला परत द्यायची होती. ती तू सर्व्हरला लावलीस, तिचं नाव दिसलं एसडीडी, तू ती पुसलीस, काढलीस, त्या माणसाच्या हातात दिलीस. मग केबल घट्ट बसवलीस, मल्टिपाथ चालू केलंस, सर्व्हर रीस्टार्ट केलास. आणि गोदामाचं फोल्डर उघडलंस तर आत काहीच नाही.

तेव्हा तू डिस्कची यादी काढलीस. यादीत एसडीडी होती. जुनी डिस्क तर केव्हाच गेटबाहेर गेलेली. मग ही एसडीडी कुठली? हिचा आकार गोदामाच्या डिस्कएवढा. म्हणजे आपण एसडीडी पुसली ती हीच. त्या क्षणी तुला काय वाटलं असेल ते मला कळतं, नशरा. कॉलेजात लॅबमधून निघताना तू पंखा बंद आहे का ते बघायला जिन्यावरून परत वर जायचीस आणि मी खाली उभी राहून तुला शिव्या घालायचे. असल्या मुलीला वाटावं की आपण एका गोदामाचं सगळं पुसून टाकलं! मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या म्हणे, “एवढं शिकून हेच केलंस?” तू गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलंस आणि चालू लागलीस.

दुसऱ्या दिवशी कळंबोलीला आमच्या ऑफिसात फोन आला. आमचं काम तुला माहीत आहे, कुणाचा सर्व्हर बसला की परेश सर आणि मी व्हॅनमधून जातो. सर गाडी चालवतात, बडीशेप चघळतात आणि मला सल्ले देतात. वाटेत म्हणाले, “कुणीतरी पोरीनं अख्खी डिस्क उडवली आहे. आपण नवं पार्टिशन बनवायचं, मागच्या महिन्याचा बॅकअप ओतायचा, जेवायला परत.” ती पोरगी तू आहेस हे मला गोदामात पोचल्यावर कळलं. खुर्चीच्या पाठीला तुझी स्टीलची बाटली लटकत होती, हिरव्या नाडीची, जिची नाडी तुटल्यावर मी माझ्या केसांची रिबीन बांधून दिली होती. मी उभीच राहिले. सर म्हणाले, “बस ना, मुहूर्त बघतेस काय?”

मी बसले. फोल्डर खरंच रिकामं होतं. बाहेर गाड्यांची रांग लागलेली, आत माणसं हातात बॅटऱ्या घेऊन रॅकमागून रॅक शोधत फिरत होती, कोळंबीची खोकी कुठल्या शीतघरात आहेत ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मॅडम माझ्या खांद्यामागे उभ्या राहून सारख्या म्हणत होत्या, “बघताय ना, सगळं रिकामं. आता वाट कशाची बघताय? बनवून टाका नवीन.” आणि सरही म्हणाले, “बनव.”

आणि मला तो शब्द टोचला. रिकामं. तुला मी हे कधी सांगितलं नव्हतं, कॉलेजात असल्या गोष्टी सांगायची मला लाज वाटायची. दिवाळीनंतर आमची अख्खी वाडी वीटभट्टीवर जाते, हे तुला माहीत आहे. घराला कुलूप नसतं. कुडाच्या घराला कसलं कुलूप! दाराला काटेरी फांदी आडवी लावायची आणि निघायचं. ज्याला कळतं त्याला कळतं की घर झोपलंय, मेलेलं नाही. मी चौथीत असताना अशाच दिवसांत कसल्याशा नळयोजनेची माणसं घरं मोजायला आली. दारांना काटे लावलेले, चुलीत राख नाही, कुत्रंही नाही. त्यांनी आमच्या रांगेतल्या प्रत्येक कुडावर खडूनं फुली मारली. रिकामं. आम्ही जेठात परत आलो तेव्हा माझी आय फुलीवर बोट फिरवत म्हणाली, “ह्ये काय काढलंय, रांगोळी हाय का?” पुढे वाडीत नळ आला. आमच्या रांगेसमोर आला नाही. त्या माणसांचं कुणाशी वैर नव्हतं गं. त्यांना खरंच रिकामं दिसलं होतं. त्यांनी कुणाला विचारलं नाही, एवढंच.

म्हणून मी कीबोर्डवरून हात काढला आणि म्हटलं, सर, चहा होईपर्यंतचा वेळ द्या. नवं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा नवा कप्पा, कधीही बनवता येईल. बनवलेलं परत घेता येणार नाही. सरांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पगारवाढ मागितली. पण चहाला ते कधी नाही म्हणत नाहीत, तोच माझा आधार.

आता फुफींसाठी नीट सांगते, तूही ऐक, कारण हे आपल्याला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं आणि मलाही त्या तासाभरातच, अर्धं वाचून अर्धं चाचपडून, कळलं. सर्व्हर डिस्कना एसडीबी, एसडीसी, एसडीडी अशी जी नावं देतो ती त्यांची खरी नावं नसतातच. शाळेत गुरुजी जसे येतील तशा मुलांना नंबर देत असतील तर कसं होईल? आज तिसरी आलेली मुलगी उद्या पाचवी आली तर तिचा नंबर पाच. सर्व्हर रीस्टार्ट झाला की पुन्हा हजेरी, पुन्हा नवे नंबर. तू जुनी डिस्क लावलीस तेव्हा एक केबल ढिली होती, म्हणून गोदामाची डिस्क दोनच नावांनी दिसत होती, आणि एसडीडी हा नंबर त्या जुन्या डिस्कला मिळाला. तू पुसलंस ते तिला. मग ती गेली. केबल बसली. रीस्टार्टनंतर गोदामाची डिस्क जास्त नावांनी हजर झाली आणि मोकळा झालेला एसडीडी हा नंबर तिला मिळाला. तू पुसलेली एसडीडी वेगळी, घाबरून बघितलेली एसडीडी वेगळी. त्याच बाकावर दुसरी मुलगी बसली होती.

पण ती जास्त नावं कुठून आली? सरांचाही घोळ इथेच झाला. यादीत सारख्या आकाराच्या चार डिस्क होत्या. सर म्हणाले, “बघ, चार आहेत. एक गेली तर तीन कोऱ्या पडल्यात, एकीवर बनव.” मी म्हटलं, सर, मला वाटतं ही चारही एकच आहे. ते इतके मोठ्यानं हसले की बडीशेप उडाली. “अगं, डिस्क आहे, रेशनकार्ड आहे का, चार नावं लावायला?” मी त्या चौघींना त्यांचा जन्माचा ओळखक्रमांक विचारला. नंबर बदलतात, तो क्रमांक डिस्कच्या पेटीतूनच येतो, तो बदलत नाही. चारही ठिकाणी तोच. अक्षरन्अक्षर तोच. सर खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले आणि बडीशेप चघळायची थांबले.

आमच्या वाडीतलं घर डोळ्यांसमोर आण. तू एकदाच आली होतीस, रस्त्यानं. रस्त्यानं येणारे त्याला बाच्या नावानं बुधाचं घर म्हणतात. ओढ्यावरून पाणी घेऊन येणाऱ्या बाया आयेच्या नावानं चिंधीचं घर म्हणतात. रानातून लाकूडफाटा घेऊन उतरणारे मोहाखालचं म्हणतात आणि भट्टीचा मुकादम शेवटलं म्हणतो. परका माणूस चौघांचं ऐकून चार घरं समजेल. घर एकच, वाटा चार. तुमच्या सर्व्हरला दोन कार्डं, स्टोरेजच्या पेटीला दोन दारं, प्रत्येक कार्डापासून दोन्ही दारांना वाट, म्हणून वाटा चार आणि डिस्क एक. आणि यातूनच मला ती गोष्ट सुचली जिच्यामुळे माझा जीव भांड्यात पडला. कुणी रस्त्यानं येऊन आमचं घर जाळलं, तर ओढ्याकडून येणाऱ्याला ते उभं दिसेल का? तू त्या डिस्कवरचं काही, कुठल्याही नावानं, पुसलं असतंस तर चारही वाटांनी ते पुसलेलंच दिसलं असतं. मी चारही वाटांनी आत डोकावून बघितलं, पहिल्या वाटेनं, दुसऱ्या, तिसऱ्या, आणि सगळ्यात शेवटी मुद्दाम तुझ्या त्या एसडीडीच्या वाटेनं. चारही वेळा आत तेच एक पार्टिशन, धडधाकट. घरातली खोली शाबूत होती, नशरा. कुणी हातही लावला नव्हता. मी एसडीडीवर बोट ठेवलं आणि मॅडमना म्हटलं, हे बघा. त्यांना काही कळलं नाही. माझे डोळे का भरले तेही कळलं नाही.

मग फोल्डर रिकामं का? तर तू मल्टिपाथ चालू केलंस, आणि त्यानं आपलं काम इमानदारीत केलं. चारही वाटांवर आपला माणूस बसवला आणि सगळ्यांना मिळून घराला एक पक्कं नाव दिलं, एमपाथ-ए. इथून पुढे घरात जायचं ते या नावानंच. पण सर्व्हरला फार पूर्वी कुणीतरी सांगून ठेवलं होतं की सुरू झालास की एसडीबीमधली पहिली खोली उघड. तो बिचारा गेला एसडीबीच्या दारात. तिथे मल्टिपाथ बसलेला. तो म्हणाला, इथून नाही, एमपाथवरून ये. आणि एमपाथवरून गेलं तर घराला नाव होतं, आतल्या खोलीला नव्हतं. डिस्कचं नाव तयार झालं की तिच्यातल्या पार्टिशनचं नाव आपोआप तयार व्हावं, एमपाथ-ए-एक, असा रिवाज असतो. तुमच्याकडे तो कुण्या जुन्या इंजिनिअरनं बंद करून ठेवला होता, का ते देव जाणे. खोली आहे, खोलीत सामान आहे, पण खोलीला नावच नाही, मग उघडणार काय? फोल्डर म्हणजे तर नुसती खुंटी असते. त्या दिवशी खुंटीवर पिशवी टांगायची राहून गेली. तू रिकामी खुंटी बघितलीस आणि तुला वाटलं पिशवी जळाली.

एक कमांड. नावं तयार कर, एवढंच सांगणारी. मी ती लिहिली आणि सरांकडे बघितलं. ते म्हणाले, “माझ्याकडे काय बघतेस? तूच बघितलंयस आत.” मी एंटर दाबलं. एमपाथ-ए-एक दिसायला लागलं. मी ते आधी नुसतं वाचण्यापुरतं उघडलं, लिहायची मुभा न देता, म्हटलं न जाणो. आणि फोल्डर भरलं. अशी सरसर नावं खाली धावत गेली, आणि मागे कुणीतरी ओरडलं की कोळंबी सापडली. मॅडम माझ्या खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या, त्या हळूच बाजूच्या स्टुलावर बसल्या. सर म्हणाले, “चल, आता जुन्या सवयीचं नाव काढ आणि पक्कं नाव लिही, नाहीतर पुढच्या रीस्टार्टला हाच तमाशा.” ते आम्ही केलं. पुढच्या वेळी सर्व्हर बरोबर दाराशी जाईल. मग सरांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते उठले आणि तू घट्ट बसवलेल्या केबलांपैकी एक सरळ उपटून काढली. मॅडम किंचाळल्याच. पडद्यावर चारातल्या दोन वाटा लाल झाल्या, आणि फोल्डर जसंच्या तसं उघडं. गोदामातला एकही माणूस थांबला नाही. सर म्हणाले, “बघा मॅडम, ही सोय काल त्या पोरीनं चालू केली. तिनं तुमचं नुकसान नाही केलं, पुढचं वाचवलं.” नशरा, हे सर म्हणाले, मी नाही. मी तर तेव्हा तुझी बाटली मांडीवर घेऊन बसले होते.

निघण्याआधी मी तू आदल्या दिवशी दिलेल्या कमांड वाचल्या. पुसण्याआधी तू यादी काढलीस. मग त्या डिस्कचा आकार बघितलास. मग तिची कंपनी बघितलीस. मग पुन्हा यादी. मग पुसलंस. जिन्यावरून पंखा बघायला परत गेल्यासारखी. तुझ्या हातून जे घडलंच नव्हतं त्याची शिक्षा तू स्वतःला देत होतीस, आणि ते घडलेलं नाही याचा पुरावाही तूच मागे ठेवून गेली होतीस. फक्त थांबून बघायला तिथे उरली नाहीस. त्याचा मला राग आहे, तो सांगते. तू मला फोन करायला हवा होतास. मी काय तुला हसले असते?

परत येताना रिपोर्ट लिहायचा होता. सरांची पद्धत अशी की “तांत्रिक अडचण दूर केली” असं लिहून सही. मी म्हटलं, एक वाक्य जास्त हवं. नशरा यांच्या हातून कोणतीही माहिती पुसली गेलेली नाही. सर म्हणाले, “गिऱ्हाईकाला त्यांच्याच माणसाबद्दल शहाणपण शिकवायचं नसतं गं. दिपा, तू फार आदर्शवादी आहेस, तुला ॲसिडिटी होईल.” मी म्हटलं, होऊ दे. कळंबोलीच्या सिग्नलला लोखंडाच्या ट्रेलरमागे आम्ही अडकलो होतो, तोवर मी काही बोलले नाही, आणि ते मुकाट्यानं बसणंच त्यांना सहन झालं नाही. “लिही बाई, लिही.” वाक्य गेलं. मॅडमचं उत्तर आलं, “नोटेड.” मला वाटलं आता तुला त्या फोन करतील. दुकानात करतील, चाचींना करतील. मी वाट बघितली. गोदाम सुरळीत चालू झालं, गाड्या सुटल्या, आणि ज्या मुलीला सगळ्यांसमोर बोल लावला होता तिला, बाई, तुझा काही दोष नव्हता, एवढं कळवायचं कुणालाच आठवलं नाही. काल चाचांच्या तोंडावरून मला ते कळलं. मी दुकानातच सगळं सांगितलं. चाचांनी बांगड्यांचा डबा बंद केला, पुन्हा उघडला, आणि त्या गिऱ्हाईक बाईला म्हणाले, “घ्या बाई, आज हव्या तेवढ्या घ्या, भाव लावत नाही.” चाची आतून आल्या, मला जवळ घेतलं आणि लगेच म्हणाल्या, “श्रीवर्धनची एसटी किती वाजता?”

बाकी माझ्याकडचं ठीक. सुदाम दादा आणि मी अजून याच खोलीत राहतो, समोर आणखी एक इमारत उठली आहे, त्यामुळे दुपारचं ऊन आता आमच्याकडे येत नाही. दादा त्याच इमारतीवर कामाला आहे, म्हणजे आमचं ऊन त्यानंच अडवलं असं मी त्याला चिडवते. आय आणि बा भट्टीवर आहेत. गेल्या आठवड्यात मी भेटायला गेले तेव्हा आयेला ही गोष्ट सांगितली, चार वाटांची. विटा थापता थापता ऐकत होती. म्हणाली, “मंग त्या पोरीला कोनी सांगितला का, तिचा कायी गेला नाय म्हनून?” मी म्हटलं, तिच्या साहेबांनी सांगितलं असेल. आय हसली. “साहेब! फुली पुसाय कोन येत नाय गं. मारलीन् त्यांनी, पुसायची आपनच.” मी त्याच दिवशी तुमच्या दुकानात जायला हवं होतं. काल गेले.

आता खरं कारण सांगते, ज्यासाठी बसले होते लिहायला. शुक्रवारी सुमती मॅडमचा मला फोन आला. गोड बोलल्या. म्हणाल्या, आम्हाला तुझ्यासारखी मुलगी कायमची हवी आहे, ती जागा रिकामीच आहे, तू ये. तुझी जागा, नशरा. तुझी खुर्ची. मला क्षणभर आनंद झाला, तो तुझ्यापासून लपवत नाही. कायमची नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार, पुढच्या दिवाळीनंतर आय-बाला भट्टीवर जावं लागणार नाही, एवढं सगळं एका श्वासात माझ्या डोक्यात आलं. आणि मग तोच शब्द कानावर परत आदळला. रिकामी. मी म्हटलं, मॅडम, ती जागा रिकामी नाही, तिथली मुलगी श्रीवर्धनला आहे. तिला कुणी विचारलं का? त्यांनी आधी कुणाला तरी गाडी सोडायला सांगितलं. मग म्हणाल्या, तिला यायचं असेल तर मी नाही म्हणणार नाही, झालं ते झालं, पण पुढच्या सोमवारपर्यंत कुणीतरी एक हवी. यापेक्षा जास्त माफी त्यांच्याकडून निघेल असं वाटत नाही. निघाली तर मला कळव. तेव्हा हे पत्र विचारण्यासाठी आहे. तुला ते काम मनापासून नको असेल, सुपारीच्या वाडीतच बरं वाटत असेल, तर तसं चाचींबरोबर सांगून पाठव. मी ती जागा घेईन आणि तुझ्याबद्दल मनात काही ठेवणार नाही. पण ‘मी त्या लायक नाही’ म्हणून नको म्हणणार असशील, तर ते कारण आता उरलेलं नाही. ते मी तपासलंय. चारही वाटांनी. येत्या शनिवारी संध्याकाळी श्रीवर्धनची गाडी येते तेव्हा मी पनवेल स्टँडवर उभी असेन, हातात तुझी बाटली असेल, घासून भरून ठेवलेली. नाडी नवी लावली आहे. पुन्हा हिरवीच.

वाट बघतेय,
तुझीच,
दिपा